डाव्या बाजूचा स्पीकर

एलिसेओ तापियाचं सगळं आयुष्य तांब्याच्या खाणीत डंपर चालवण्यात गेलं. आठवडाभर वर डोंगरात, आठवडाभर खाली समुद्रकाठच्या इकीके शहरात घरी, असा त्याचा संसार. निवृत्त झाला आणि महिनेच्या महिने घरी राहायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोच्या, नोल्फाच्या, लक्षात आलं की एवढा सलग नवरा आपल्याला कधी मिळालाच नव्हता.

पहिले काही महिने त्याने घरातलं मोडकं ते सगळं दुरुस्त केलं. मग धडधाकट होतं तेही दुरुस्त करायला घेतलं. मिक्सर उघडून परत बसवला आणि हातात एक स्क्रू उरला, त्या दिवशी नोल्फा म्हणाली, "तू काहीतरी मोठं काम काढ रे म्हाताऱ्या. पण स्वयंपाकघराच्या बाहेर."

मोठं काम त्याच्या डोक्यात होतंच. त्यांची मुलगी यास्ना लग्न होऊन दक्षिणेला गेली होती, तिची खोली रिकामी होती. त्या खोलीत त्याला होम थिएटर करायचं होतं. भिंतभर टीव्ही आणला. खिडकीला जाड पडदे नोल्फाने शिवले. स्पीकर व्लादिमीरने मिळवून दिले. हा नोल्फाचा धाकटा भाऊ. गावात शेअर टॅक्सी चालवायचा आणि कुणाला काय विकायचंय, कुणाला काय हवंय, याची खडान्‌खडा बातमी ठेवायचा. बदली होऊन निघालेल्या एका इंजिनियरकडून त्याने अख्खा संच उचलून आणला. पुढे लावायचे दोन, मधला एक, मागचे दोन आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवायचा तो घुमणारा धोंडा, सबवूफर.

राहिला होता फक्त रिसीव्हर. ही पेटी नसेल तर बाकी सगळं म्हणजे नुसतं लाकूड. सिनेमातला कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा, किती द्यायचा, हे सगळं तीच ठरवते.

"दाजी, वॉट बघायचे फक्त," व्लादिमीरने बजावलं. "बाकी सगळी दुकानदारांची बडबड. पेटी उचलताना कंबरेत कळ आली पाहिजे, मग समजायचं माल खरा."

"मला एकच हवंय," नोल्फा म्हणाली. "माणसं बोलतात ते कळलं पाहिजे."

"ते पेटीच्या हातात नाही. हल्लीचे नटच तोंडातल्या तोंडात बोलतात," एलिसेओ म्हणाला. हे त्याचं नेहमीचं म्हणणं होतं. नट पुटपुटतात, बातम्या देणारे घाई करतात, पाद्री माईकपासून लांब उभा राहतो. टीव्हीचा आवाज तो रोज थोडाथोडा चढवत होता. शेजारच्या बाईने एकदा विचारलंही होतं, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का हो? रोज भांडणं ऐकू येतात."

एका शनिवारी सकाळी तिघं करमुक्त बाजारात गेले. समुद्राकडून आलेलं धुकं अजून वाळूच्या डोंगरावर रेंगाळत होतं. बाजाराच्या दारात गाड्यांची रांग लागलेली. दोन दुकानांत विक्रेत्यांनी त्यांना खोक्यावरची अक्षरं वाचून दाखवली. ती एलिसेओलाही वाचता येत होती. तिसऱ्या दुकानात ग्लेदिस भेटली.

ग्लेदिस पन्नाशीची, चष्मा केसांत खोचलेली, बोलायला निवांत. तिच्या दुकानाच्या मागच्या अंगाला एक बंद खोली होती. आत एक सोफा, आणि भोवती, वर, खाली स्पीकरच स्पीकर. "ऐकल्याशिवाय घेऊ नका," ती म्हणाली. "चपलासुद्धा आपण घालून बघतो."

एलिसेओला हे आवडलं. तो सोफ्याच्या मधोमध बसला. ग्लेदिसने आधी साधा रिसीव्हर लावला, मग मोठा. मोठा दिसायलाच असा होता की व्लादिमीरने त्याच्यावर मायेने हात फिरवला. समोरच्या पडद्यावर गाड्या धावल्या, दारं आपटली. एलिसेओने मान डोलावली.

"एकेक स्पीकर वेगळा ऐकता येतो का?" त्याने विचारलं. "मला प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र बघायचाय. गाडी घेताना आम्ही चारही टायर बघतो."

"येतो की. ही पेटीच फिरवते." ग्लेदिसने बटण दाबलं. पुढच्या डाव्या स्पीकरमधून नळ सोडल्यासारखा श्शऽऽ असा आवाज आला. मग मधल्यातून. मग उजव्यातून. मग मागच्या उजव्यातून. मग काहीच नाही. मग पुन्हा पुढच्या डाव्यातून.

"मागचा डावा बंद आहे," एलिसेओ म्हणाला.

ग्लेदिसने पुन्हा फिरवलं. "आता?"

"बंद. वायर सुटली असेल. आणि तो पुढचा डावाही जरा मेलेलाच आहे. तुमच्या दुकानातच ही तऱ्हा, तर मग..."

व्लादिमीर खो खो हसला. "अहो दाजी, लागतोय की! मेलेलं कोंबडं उठून बसेल असा लागतोय!"

एलिसेओने बायकोकडे पाहिलं. नोल्फा पर्सची चेन उघडत होती, लावत होती. वर बघत नव्हती.

ग्लेदिसने एकदा नोल्फाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, जरा उलटं बसता का? त्या स्टुलावर. पडद्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड."

तो बसला. तिने पुन्हा बटण दाबलं. आवाज फिरायला लागला. मघाशी मेलेला स्पीकर आता त्याच्या उजव्या हाताला होता आणि अगदी खणखणीत वाजत होता. गप्प झाला होता तो दुसराच, मघाशी चांगला वाजलेला, आता डाव्या हाताला आलेला.

बिघाड त्याच्याबरोबर फिरला होता.

तीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगायला लागत नाही. एलिसेओ स्टुलावर बसून राहिला. आवाज अजून गोल गोल फिरतच होता. मग तो उठला, ग्लेदिसला "आभारी आहे, बाई" म्हणाला आणि बाहेर गाड्यांच्या तळाकडे चालू लागला.

परतीच्या वाटेवर व्लादिमीर एकटाच बोलत होता. मोठा रिसीव्हर कसा भारी, दुसऱ्या दुकानात हप्त्याने कसा मिळेल, काय नि काय. शेवटी नोल्फा म्हणाली, "व्लादी, रस्त्याकडे बघ," आणि तो गप्प झाला.

घरी आल्यावर एलिसेओने जॅकेटसुद्धा काढलं नाही.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"यास्नाच्या लग्नाच्या आधीपासून." नोल्फाने गॅसवर किटली ठेवली. "रस्त्यात मी तुझ्या उजव्या बाजूने का चालते, कधी विचारलंस? ऊन असो, नाली असो, मी उजवीकडेच. चर्चमध्ये तुला डावीकडच्या टोकाला बसवते ते का? तुझ्या डावीकडे कुणी येऊ नये म्हणून. नाहीतर माणसं म्हणायची, हा तापिया माजलाय, बोललं तर उत्तर देत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"दोनदा सांगितलं. एकदा तू ऐकलं नाहीस आणि एकदा ऐकून घेतलं नाहीस."

"चार लोकांसमोर, दुकानात कळावं मला? तुझ्या भावाने दात काढावेत?"

"तो कधी दात काढत नाही?" नोल्फा वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज करडा होता. "मी काय करायला हवं होतं? दर वर्षी खाणीतले लोक तुमचे कान तपासायला येत. आवाज ऐकू आला की मशीनची बटणं दाबायची असतात, ती केव्हा दाबायची ते तू सोबत्यांना विचारून जायचास. डंपरवरून उतरवतील म्हणून. ते गुपित मी तुझं म्हणून सांभाळलं. मला वाटलं, तुलाही माहीत आहे आणि आपण दोघं मिळून बोलत नाही आहोत."

बटणांचं खरं होतं. पण तेव्हा आपल्याला थोडं कमी ऐकू येतं, एवढंच एलिसेओला वाटत होतं. ते थोडं कधी संपलं आणि हे कधी सुरू झालं, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. डंपरमध्ये चालकाची खिडकी डाव्या हाताला. ती उघडी ठेवून, कोपर बाहेर काढून त्याने सगळी वर्षं काढली. बाहेर इंजिन, पलीकडे सुरुंग.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. टीव्ही लागला नाही. शेजारची बाई म्हणाली, "पाहुणे गेले वाटतं."

एका दुपारी एलिसेओ एकटाच समुद्रावर गेला. सुट्टीचा दिवस नव्हता, किनाऱ्यावर दोन-तीन मासेवाले आणि कठड्यावर रांगेने बसलेले पेलिकन, एवढेच. लाटा खडकांवर आपटत होत्या. तो एका दगडावर बसला आणि इकडे तिकडे बघून, कुणी पाहत नाही अशी खात्री करून, त्याने उजव्या कानात बोट घातलं.

समुद्र गेला.

लाट दिसत होती. येत होती, फुटत होती, पांढरी होऊन परत जात होती. आवाज मात्र कुठेतरी खूप खाली, भिंतीपलीकडे कुणी जड सामान सरकवावं तसा. त्याने बोट काढलं, समुद्र आला. पुन्हा घातलं, गेला. बराच वेळ तो हेच करत बसला. आधी भीती वाटली. मग नुसतं वाईट वाटलं. आणि मग एक भलताच विचार मनात आला. पलंगावर नोल्फा झोपायची ती त्याच्या डाव्या बाजूला. भिंतीकडची जागा तिची, लग्नापासूनची. एवढी वर्षं ती तिथून काय काय बोलली असेल?

घरी आला तेव्हा संध्याकाळच्या चहाची वेळ झाली होती. टेबलावर ताजा पाव होता, कुस्करलेला हिरवागार पाल्ता, म्हणजे अ‍ॅव्होकाडो होता, चीज होतं. तो तिच्या समोर बसला.

"एक विचारू? झोपताना तू माझ्याशी बोलायचीस?"

"बोलायचे ना."

"काय?"

नोल्फाने पावाला पाल्ता लावला, वर मीठ भुरभुरलं. "बहुतेक वेळा गॅस बंद केलास का, हे. कचरा बाहेर ठेवलास का, हे."

"आणि?"

"आणि कधी दुसरं." ती जरा हसली. "मग मला कळलं की तुला ऐकू येत नाही. तेव्हापासून मी जास्तच बोलायला लागले. तुझ्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी मी तुलाच सांगितल्यात, म्हाताऱ्या. तू शांतपणे ऐकून घेतल्यास. एवढा समजूतदार तू दिवसा कधी नसतोस."

तो हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, तिला उठून पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. हात पाठीवर तसाच ठेवून ती म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात जाऊ."

"जाऊ," तो म्हणाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं, काचेच्या खोलीत बसवून बारीक आवाज ऐकवले. या वेळी एलिसेओने बटण अगदी प्रामाणिकपणे दाबलं. डावा कान जवळजवळ संपला होता. उजवाही थोडा थकला होता, पण चालण्यासारखा होता. यंत्र मिळेल, नाव नोंदवलंय, पाळी यायला महिने लागतील, असं त्या म्हणाल्या. "यंत्राने नवा कान येत नाही, हे लक्षात ठेवा. मदत होते. तोवर लोकांना उजवीकडून बोलायला सांगा. सांगायला लाजू नका."

बाहेर पडल्यावर त्याने नोल्फाला सांगितलं, "आता दुकानात."

"कुठल्या?"

"त्या चष्मेवाल्या बाईच्या."

व्लादिमीरला कळलं तेव्हा तो टॅक्सी सोडून धावत आला. "दाजी, आता कशाला? एका कानाला सराऊंड म्हणजे टकल्याला कंगवा! निम्मीच पेटी मागा, निम्म्या किमतीत."

"व्लादी," नोल्फा म्हणाली, "तुला दोन्ही कान आहेत, तरी तू कुणाचं ऐकतोस?"

ग्लेदिसने त्यांना पाहिलं आणि काही न विचारता मागच्या खोलीचा दिवा लावला. एलिसेओ उभ्या उभ्याच म्हणाला, "बाई, माझा डावा कान गेलाय. आता या हिशेबाने दाखवा." हे वाक्य त्याने वाटेत मनात घोळवून ठेवलं होतं. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "म्हणजे भलतंच काही विकायला नको." तिने सोफा थोडा तिरका केला, त्याला डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे उजवा कान खोलीकडे आला. मग साधा रिसीव्हर लावला. "बोलणं सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. त्या एकट्याचा आवाज वाढवता येतो. बाकी धडामधुडूम आहे तेवढंच राहतं. ऐका."

पडद्यावर एक बाई एका माणसाला झापत होती. मागे पाऊस, गाड्या, संगीत. ग्लेदिसने बटण फिरवलं तसा पाऊस जागच्या जागी राहिला आणि बाईचं बोलणं पुढे आलं. एलिसेओ पुढे झुकला. शब्द न् शब्द कळत होता. ती बाई अजिबात पुटपुटत नव्हती.

"हाच," तो म्हणाला. "मला बाकी काही नको. साधा बरा."

व्लादिमीरने हताश होऊन मोठ्या पेटीकडे पाहिलं. ग्लेदिस खोकं काढायला वळली, तेवढ्यात नोल्फा म्हणाली, "मला तो मोठा पुन्हा ऐकवा ना."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मागच्या वेळी नीट ऐकलाच नाही मी," ती म्हणाली. "माझं लक्ष सगळं याच्याकडे."

ग्लेदिसने मोठा लावला. या पेटीला छतावरचेही दोन स्पीकर जोडता येत होते. पडद्यावर अंधारं रान होतं, आणि कुठूनतरी मागून एक हेलिकॉप्टर आलं. एलिसेओला ते नुसतं एका बाजूने ऐकू आलं. पण त्याने नोल्फाकडे पाहिलं. तिची मान हळूहळू वर गेली, मागून डोक्यावर, डोक्यावरून पुढे. तोंड उघडं राहिलं होतं. हेलिकॉप्टर पडद्यात शिरलं तसे तिने दोन्ही हात छातीशी धरले आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "अगंबाई! गेलं!"

तिला असं काही आवडत असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तिने आयुष्यात एकदाही मागितलं नव्हतं. तिला फक्त बोलणं कळायला हवंय, असं तीच म्हणायची. आता त्याच्या लक्षात आलं, तेही ती त्याच्यासाठीच म्हणत होती.

"बाई," त्याने ग्लेदिसला विचारलं, "मोठ्यात मधल्याचा आवाज वाढवता येतो?"

"येतो. ते दोन्हींत सारखंच."

"मग मोठा द्या. आणि छतावरचे ते दोन."

"एलिसेओ, उगाच नको हं," नोल्फा म्हणाली. "तुला ते कळणारसुद्धा नाही."

"मला पडदा आहे समोर. तुला हेलिकॉप्टर."

"छताला?" व्लादिमीरचा चेहरा खुलला होता, पण छतापाशी घोडं अडलं. "दाजी, भूकंप झाला की डोक्यात येतील!"

"मग तू खाली बसू नकोस," नोल्फा म्हणाली आणि पर्स बंद केली.

त्यांनी ते नीट, लांब बोल्ट घालून बसवले. व्लादिमीर शिडीवर, एलिसेओ खालून सूचना देणार, आणि दोघांची वायरींवरून दोनदा कडाक्याची भांडणं. पेटीबरोबर एक छोटा माईक आला होता. तो खोलीत ठेवला की पेटी स्वतःच सगळे आवाज मापून बसवते. "हा माईक दोन्ही कानांचा आहे," एलिसेओ म्हणाला. त्याने तो नोल्फाच्या जागेवर ठेवला आणि स्वतःपुरतं मधल्या स्पीकरचं बोलणं हाताने वाढवून घेतलं. सोफा भिंतीला तिरका लागला. खोली जरा विचित्र दिसायला लागली, पण कुणाची हरकत नव्हती.

रविवारी दुपारी तिघांनी पहिला सिनेमा लावला. त्यात एक वादळ होतं. नोल्फाची मान चारी दिशांना फिरत होती. एलिसेओचं अर्धं लक्ष पडद्यावर होतं, अर्धं तिच्यावर. वीज कुठे कडाडली ते त्याला तिच्याकडे बघूनच कळत होतं.

ऐन वादळात त्याच्या खिशातला फोन थरथरला. यास्ना होती. त्याने सिनेमा थांबवला. नोल्फाने सवयीने हात पुढे केला, पण त्याने फोन दिला नाही. उजव्या कानाला लावला.

"बाबा? तुम्ही? आई कुठाय?"

"इथेच आहे. वादळात सापडलीय. तू माझ्याशी बोल." तो पडदा सरकवून खिडकीशी गेला. "आणि हे बघ पोरी, एक सांगायचं राहिलंय. माझा डावा कान गेलाय. चांगला गेलाय, परत यायचा नाही. तेव्हा इथे आलीस की माझ्या उजवीकडे बसायचं, आणि जावईबापूंनाही सांग."

मग यास्ना म्हणाली, "आईने मला सांगितलं होतं, बाबा. बऱ्याच वर्षांपूर्वी. कुणाला बोलू नकोस म्हणाली होती."

एलिसेओने वळून बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती, जणू तिथे काही फार महत्त्वाचं लटकलं होतं.

"बरं," तो फोनमध्ये म्हणाला. "मग आता सगळ्यांना सांग. आणि तुझ्या पोराची परीक्षा कशी झाली ते बोल. जरा सावकाश."